नगरराज्यातील दीर्घ वास्तव्य : सिंगापूरचे उदाहरण

'महानगर' आणि 'नगरराज्य' या दोन संज्ञा वरवर पाहता एकमेकींच्या जवळच्या वाटतात. दोन्हींत दाट वस्ती असते, उंच इमारती असतात, नाना भाषा बोलणारी माणसे असतात. तरीही त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय नगरराज्यातील जीवनाचे स्वरूप समजणार नाही. महानगराच्या पाठीशी एक प्रदेश असतो. मुंबईतील गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळीत चाळीस वर्षे राहिला, तरी त्याचे 'घर' रत्नागिरीत किंवा साताऱ्यात असे. शिमग्याला आणि गणपतीला तो तेथे जाई, संपाच्या काळात तेथे आसरा घेई, निवृत्तीनंतर पुष्कळदा तेथेच परते. मराठीतील ग्रामीण आणि महानगरीय साहित्यातले अनेक ताण या येरझारेतून निर्माण झाले आहेत. नगरराज्यात अशी येरझार संभवत नाही. तेथे नगराची वेस हीच राष्ट्राची सीमा असते. शहर सोडणे म्हणजे देश सोडणे.

नगरराज्य म्हटले की प्राचीन अथेन्सचे स्मरण होते. नगर एका दृष्टिक्षेपात सामावण्याजोगे असावे, असा विचार ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रविषयक ग्रंथात मांडला. मात्र अथेन्सभोवती ॲटिकाची शेतजमीन होती, हे विसरता येत नाही. आजच्या काळात व्हॅटिकन आणि मोनॅको ही नगरराज्ये आहेत. परंतु व्हॅटिकनचे नागरिकत्व मुख्यतः पदाशी जोडलेले असते आणि मोनॅकोतील बहुसंख्य रहिवासी अन्य देशांचे नागरिक आहेत. जन्म, शिक्षण, विवाह, नोकरी, वार्धक्य आणि मृत्यू या सर्व अवस्था लक्षावधी माणसे एकाच नगराच्या हद्दीत पार पाडतात, असे आजचे ठळक उदाहरण सिंगापूरचे आहे. म्हणून या लेखात आपण तेवढ्याच एका नगराचा विचार करणार आहोत.

चार दिवसांसाठी गेलेल्या प्रवाशाला तेथील स्वच्छता, शिस्त आणि विमानतळ दिसतो. चाळीस-पन्नास वर्षे राहणाऱ्याला वेगळी गोष्ट जाणवते. जमीन मोजकी असल्यामुळे तेथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुदतीने मिळते : घर मुदतीने, मोटार मुदतीने, पाणी मुदतीने आणि दफनाची जागाही मुदतीने. या मुदतींच्या आत माणूस आपलेपणा कसा रुजवतो, हा आपल्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

नगर राष्ट्र कसे झाले

१९५९ साली ब्रिटिशांच्या आधिपत्याखाली स्वशासन मिळालेले सिंगापूर १९६३ मध्ये मलेशिया या संघराज्यात सामील झाले. हे ऐक्य दोन वर्षेही टिकले नाही. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले आणि स्वतंत्र राष्ट्र बनले. येथे एक विलक्षण बाब ध्यानात घ्यावी. वसाहतींच्या इतिहासात लोक स्वातंत्र्याची मागणी करतात आणि ते मिळवतात; सिंगापूरच्या नेतृत्वाने मात्र मोठ्या देशाचा भाग होण्यासाठी प्रयत्न केले होते. म्हणून पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांना वियोगाची घोषणा झाल्यावर पत्रकारांसमोर अश्रू आवरले नाहीत. पाठीशी असणारा मुलूख एका दिवसात परदेश झाला होता.

त्या वेळी या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५८१ चौरस किलोमीटर होते. समुद्रात भर घालून ते आता सुमारे ७३५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर भरतात, यावरून आकाराची कल्पना यावी. तेवढ्या जागेत घरे, शाळा, बंदर, विमानतळ, जलाशय, लष्करी तळ आणि स्मशाने बसवायची, असा हा प्रश्न आहे.

नव्याण्णव वर्षांचे घर

मे १९६१ मध्ये बुकित हो स्वी या वस्तीला भीषण आग लागली आणि सुमारे १६,००० माणसे एका दिवसात बेघर झाली. आदल्या वर्षीच गृहनिर्माण व विकास मंडळाची स्थापना झाली होती. 'एचडीबी' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाने आगीनंतर तातडीने घरे उभारली आणि पहिल्या पाच वर्षांत ५० हजारांहून अधिक सदनिका बांधून पूर्ण केल्या. झावळ्यांच्या आणि पत्र्याच्या घरांतून, कोंबड्या-डुकरांसह राहणारी कुटुंबे दहाव्या मजल्यावर आली. नळाचे पाणी, वीज आणि स्वतंत्र शौचालय मिळाल्याचा आनंद खरा होता. शेजार तुटल्याचे दुःखही खरे होते. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला खासगी जमीन स्वस्तात ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार दिले. आज देशातील बहुतेक जमीन राज्याच्या मालकीची आहे आणि दर पाच रहिवाशांपैकी जवळपास चार जण एचडीबीच्या सदनिकांत राहतात. त्यांतील बहुसंख्य कुटुंबे भाडेकरू नसून 'मालक' आहेत.

या 'मालक' शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. सदनिका ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर घेतलेल्यांना भाडेपट्टा हा शब्द परका नाही. पण तेथे ज्याला हा व्यवहार पसंत नाही तो गावाकडे घर बांधू शकतो. सिंगापूरच्या मध्यमवर्गीयाला सहसा असा पर्याय नसतो. हिशेब साधा आहे. तिसाव्या वर्षी नवे घर घेणारी स्त्री ऐंशी वर्षांची होते, तेव्हा पट्ट्याची ४९ वर्षे उरलेली असतात. तिच्या पन्नाशीतल्या मुलाला ते घर पुरते. नातवाला मात्र आजीचे घर म्हणून जे मिळेल, त्यातून वर्षे झपाट्याने गळत असतात. मुदत संपली की सदनिका मंडळाकडे परत जाते.

पुष्कळ वर्षे लोकांनी या अटीचा फारसा विचार केला नाही. सरकार जुन्या इमारती पाडून नवी घरे देते, त्यामुळे आपलीही पाळी येईल, असा समज रूढ होता. सर्वच जुन्या इमारतींना ही संधी मिळणार नाही, असे २०१७ साली तत्कालीन राष्ट्रीय विकासमंत्री लॉरेन्स वाँग यांनी स्पष्ट केले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी गेलांग भागातील १९१ बैठ्या घरांचा ६० वर्षांचा पट्टा संपला आणि नुकसानभरपाईविना ती जागा राज्याकडे परत गेली. ही घरे एचडीबीची नव्हती, खासगी होती. तरीही मुदत संपणे म्हणजे काय, हे त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले.

घराचा संबंध आयुष्याच्या इतर निर्णयांशी कसा येतो, हेही पाहण्यासारखे आहे. नोकरदाराच्या वेतनातून आणि मालकाच्या हिश्शातून केंद्रीय भविष्यनिर्वाह निधीत सक्तीने रक्कम जमा होते. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या कामगाराच्या बाबतीत ती साधारणपणे वेतनाच्या ३७ टक्के असते, अर्थात निश्चित कमाल मर्यादेपर्यंतच्या वेतनावर. १९६८ पासून हा निधी घरासाठी वापरता येतो. म्हणजे म्हातारपणाची शिदोरी आणि राहते घर ही एकाच थैलीतून निघतात. अविवाहित व्यक्तीला एचडीबीचे घर स्वतःच्या नावे घेण्यासाठी सामान्यतः पस्तिशी गाठावी लागते. त्यामुळे तरुण जोडपी विवाहापूर्वीच घरासाठी एकत्र अर्ज करतात आणि काही वर्षे वाट पाहतात. 'आपण घरासाठी अर्ज करू या का?' हा प्रश्न म्हणजेच लग्नाची मागणी, असा विनोद तेथे सर्वतोमुखी आहे. विनोद असला तरी त्यात वस्तुस्थिती आहे.

१९८९ पासून प्रत्येक इमारतीत व परिसरात चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या प्रमाणाला कमाल मर्यादा घालण्यात आली. वांशिक मोहल्ले तयार होऊ नयेत, हा तिचा हेतू. १९६४ च्या वांशिक दंगलींची स्मृती ताजी असणाऱ्या पिढीने ती स्वीकारली. या धोरणाची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजलेली नाही : मर्यादा भरलेल्या इमारतीत अल्पसंख्य समाजाच्या विक्रेत्याला ग्राहक कमी मिळतात आणि त्याच्या घराची किंमत उतरू शकते. तरीही या सक्तीच्या शेजारातून जे सहजीवन निर्माण झाले, ते कृत्रिम म्हणून झटकून टाकणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. अनेक इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. एका शनिवारी तेथे मलय कुटुंबाचे लग्न लागते, बिर्याणीच्या पंगती उठतात. पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिनी कुटुंबाचे शव तीन ते पाच दिवस ठेवलेले असते, रात्रभर जागरण चालते आणि धूप जळतो. लिफ्टकडे जाणाऱ्या प्रत्येकाला या दोन्हींच्या जवळून जावे लागते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९५९ पासून तेथे एकाच पक्षाची, पीपल्स ॲक्शन पार्टीची, सत्ता आहे. घरमालक, निधीचा रक्षक आणि शासनकर्ता एकच असला की मतदानाला वेगळे वजन येते. १९९७ च्या निवडणुकीत जुन्या इमारतींच्या सुधारणेचा अग्रक्रम मतदारसंघाच्या कौलाशी उघडपणे जोडण्यात आला होता. मोठ्या देशात नाराज माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन राहू शकतो. येथे तशी मोकळी जागा नाही.

पूल, पाणी आणि मोटार

बेटाच्या उत्तरेस सामुद्रधुनी ओलांडणारा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बांधरस्ता आहे. १९२४ मध्ये तो खुला झाला, तेव्हा दोन्ही बाजूंना ब्रिटिशांचा प्रभाव होता. आज त्याच्या पलीकडचे जोहोर बारू हे शहर मलेशियात आहे. आठवड्याचा बाजार, स्वस्त जेवण, केस कापणे यांसाठी सिंगापूरकर पारपत्र घेऊन तेथे जातात आणि सुटीच्या दिवशी तासन्‌तास रांगेत अडकतात. पेट्रोलही तेथे स्वस्त आहे. म्हणून देशाबाहेर पडणाऱ्या सिंगापूरच्या मोटारीची टाकी किमान तीन-चतुर्थांश भरलेली असावी, असा कायदा आहे. 'गावाबाहेर चक्कर मारणे' या साध्या कृतीत येथे दोन देशांचे अधिकारी हजर असतात.

मोटार बाळगण्याचा हक्कही लिलावात विकत घ्यावा लागतो. १९९० मध्ये सुरू झालेले हे प्रमाणपत्र दहा वर्षांचे असते. २०२३ मध्ये मोठ्या मोटारीच्या प्रमाणपत्राची किंमत सुमारे दीड लाख सिंगापूर डॉलरपर्यंत गेली. मोटारीची किंमत निराळी. साहजिकच बहुसंख्य लोक बस आणि भुयारी रेल्वेने फिरतात. त्याबद्दल तेथे कोणाला कमीपणा वाटत नाही, हे आपल्या शहरांनी पाहण्याजोगे आहे.

पाण्याची मुदत तर सर्वांना पाठ असते. १९६२ च्या करारानुसार जोहोर नदीतून दररोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येते. त्या कराराची मुदत २०६१ मध्ये संपते. एखाद्या राष्ट्राच्या सामान्य नागरिकाला चार दशकांनंतरचे एक विशिष्ट साल ठाऊक असावे, हे सहसा आढळत नाही. त्या दिवसाची तयारी म्हणून पावसाचे पाणी जलाशयांत साठवले जाते, समुद्राचे पाणी गोडे केले जाते आणि २००३ पासून सांडपाणी अत्यंत शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते. अन्नाची स्थिती याहून नाजूक आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते.

दोन वर्षांची सेवा

१९६७ पासून प्रत्येक तरुण पुरुष नागरिकाला लष्करी अथवा तत्सम सेवा सक्तीची आहे. सध्या तिची मुदत दोन वर्षे आहे. त्यानंतरही सैनिकांना साधारण चाळिशीपर्यंत आणि अधिकाऱ्यांना पन्नाशीपर्यंत सरावासाठी बोलावले जाते. सिंगापूरच्या दोन अनोळखी पुरुषांत ओळख काढण्याचा हा सर्वांत सोपा विषय होय. या सेवेतही जागेची टंचाई दिसते : मोठ्या सरावांसाठी सैन्याला ऑस्ट्रेलियासारख्या परक्या भूमीवर जावे लागते. देशाचे रक्षण करायला शिकण्यासाठी देशाबाहेर जाणे, ही नगरराज्याचीच गंमत.

मृतांची जागा

जिवंतांच्या घराला ९९ वर्षे मिळतात. मृतांच्या कबरीला १५. दफनासाठी आता चोआ चू कांग हे एकच सार्वजनिक दफनस्थान खुले आहे आणि १९९८ पासून तेथे पंधरा वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर कबर उकरली जाते. ज्यांच्या धर्मात दहन चालते त्यांच्या अस्थींचे दहन होते. मुस्लिमांसारख्या ज्या समाजांत ते निषिद्ध आहे, त्यांचे अवशेष लहान जागेत पुन्हा पुरले जातात. बहुसंख्य लोक आता दहनाचाच मार्ग निवडतात.

पूर्वजपूजेला महत्त्व देणाऱ्या चिनी समाजासाठी हा बदल लहान नव्हता. एप्रिलच्या सुमारास पूर्वजांच्या कबरी झाडून, त्यांच्यापुढे अन्न ठेवून, कागदी नोटा जाळण्याची त्यांची प्रथा आहे. बुकित ब्राउन या १९२२ ते १९७३ या काळात वापरात असलेल्या दफनभूमीत सुमारे एक लाख कबरी होत्या. तेथून महामार्ग नेण्याची घोषणा २०११ मध्ये झाली, तेव्हा ती वाचवण्यासाठी नागरिकांनी निवेदने दिली, कबरींवरील लेख वाचून नोंदी केल्या आणि लोकांना तेथे हिंडवून इतिहास सांगितला. तरीही रस्ता झाला. तीन हजारांहून अधिक कबरी हलवण्यात आल्या. बिदादरी येथील जुन्या दफनभूमीवर तर आता सदनिकांची वसाहत उभी आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे कुओ पाओ कुन या नाटककाराचे नाव ध्यानात ठेवावे. चिनी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून लिहिणाऱ्या या लेखकाने १९७६ ते १९८० अशी चार वर्षे खटल्याविना स्थानबद्धतेत काढली. सुटकेनंतर त्याने लिहिलेल्या 'द कॉफिन इज टू बिग फॉर द होल' या एकपात्री नाटकात एक नातू आपल्या आजोबांच्या अंत्यविधीची हकीकत सांगतो. आजोबांची शवपेटी जुन्या घडणीची, भव्य. सरकारी मापाचा खड्डा तिला पुरत नाही. एका माणसाला एकच जागा, हा नियम. अधिकारी दुष्ट नाही. तो केवळ नियमाला बांधलेला आहे. अखेर अपवाद म्हणून परवानगी मिळते. पण आपल्या मागून येणाऱ्या सर्वांच्या कबरी एकाच मापाच्या असतील, मग नातवंडांना त्या ओळखू कशा येणार, हा प्रश्न नातवाच्या मनातून जात नाही. काटकसरीचे समर्थन करता येते आणि तरीही तिच्यात काहीतरी हरवते, हे एवढ्या थोडक्या सामग्रीतून सांगणारे नाटक विरळा.

जिवंतपणीच्या स्मृतीचेही असेच होते. स्टॅमफर्ड रोडवरील तांबड्या विटांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका पिढीने अभ्यास केला, प्रेमे जमवली. बोगद्याच्या रस्त्यासाठी ते २००४ मध्ये बंद झाले आणि पुढे पाडले गेले. त्या इमारतीचे वास्तुशास्त्रीय मोल फार नसेल. लोकांनी केलेला विरोध वास्तुशास्त्रासाठी नव्हताच. ज्याला आठवणी ठेवायला दुसरे गाव नाही, त्याला एक ग्रंथालयही मोठे असते.

रहिवासी आणि मुदतीचे पाहुणे

आतापर्यंत आपण नागरिकांचा विचार केला. २०२४ मध्ये सिंगापूरची लोकसंख्या सुमारे ६० लाख होती. तीत नागरिक सुमारे ३६ लाख, कायम वास्तव्याचा परवाना असलेले साडेपाच लाखांच्या आसपास, आणि उरलेले १८ लाखांहून अधिक लोक केवळ नोकरी, शिक्षण वा कुटुंबाच्या निमित्ताने मिळालेल्या परवान्यावर राहणारे. इमारती बांधणारा तमिळ किंवा बंगाली मजूर, घरकाम करणारी फिलिपिनो किंवा इंडोनेशियन स्त्री यांचा यांत समावेश होतो. अशी स्त्री एकाच घरात पंधरा-वीस वर्षे काढते, त्या घरातील मुले तिच्या अंगाखांद्यावर वाढतात. तिची वैद्यकीय तपासणी मात्र दर सहा महिन्यांनी होते आणि तीत गर्भधारणेचीही चाचणी असते. सिंगापूरच्या नागरिकाशी विवाह करायचा तर या वर्गातील कामगारांना शासनाची परवानगी लागते. वास्तव्य दीर्घ असले म्हणजे ते 'कायम' ठरतेच असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

मराठी कुटुंबे बहुधा याहून वरच्या परवान्यावर, संगणक, बँक किंवा जहाज व्यवसायाच्या निमित्ताने जातात. तेथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. शाळेत मात्र मुलांना इंग्रजीखेरीज एक 'मातृभाषा' शिकावी लागते. भारतीय वंशाच्या मुलांसाठी तमिळ ही राजभाषा आहे आणि तिच्या जोडीला हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू यांची सोय आहे. मराठी या यादीत नाही. त्यामुळे मराठी घरातील मूल कागदोपत्री 'मातृभाषा' म्हणून पुष्कळदा हिंदी शिकते आणि मराठी आजीच्या दूरध्वनीपुरती उरते.

कायम वास्तव्याचा परवाना घेतला की आणखी एक निर्णय दाराशी येतो. आईवडिलांबरोबर हा परवाना मिळालेल्या मुलाला लष्करी सेवा लागू होते. साडेसोळाव्या वर्षी त्याची नोंदणी करावी लागते. सेवा टाळण्यासाठी परवाना सोडला, तर पुढे तेथे शिकण्याच्या किंवा नोकरी करण्याच्या अर्जावर त्याचा प्रतिकूल परिणाम होतो. सेवा केली आणि नागरिकत्व घ्यायचे ठरवले, तर भारताचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारत आणि सिंगापूर या दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. हा निर्णय मुलगा दहावी-अकरावीत असताना, जेवणाच्या टेबलाभोवती घेतला जातो. त्यानंतर सातारा किंवा कोल्हापूरला आजीकडे जाताना, मुंबईच्या विमानतळावर तो परदेशी पारपत्रधारकांच्या रांगेत उभा राहतो आणि त्याची आई भारतीयांच्या.